बाळाबाईंचं नाव कोणत्या रकान्यात?



गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. धाकट्या जावईबापूंना जर्मनीतल्या एका विद्यापीठात तीन वर्षांसाठी संशोधनाचं काम मिळालंय. लेक बँकेतली नोकरी सोडून दोन मुलांना घेऊन बरोबर निघाली आहे. मोठा सहा वर्षांचा, धाकटी अडीच. पगार एकच. पै-पाहुणा आला की तो आकडा विचारतो, मनातल्या मनात रुपयांत करतो आणि "मग काय, चांदी आहे!" म्हणतो.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एवढं अजून कळतं की पगाराला ज्या भावाने गुणलं त्याच भावाने दुधाला आणि घरभाड्यालाही गुणावं लागतं. लेकीने हिशेब मांडला तेव्हा मी शेजारी बसले होते. तिथे घराची अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं आधी मागू शकतात. शिवाय भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या चार भिंती! ओटा, शेगडी, कपाटं सगळं आपण बसवायचं. जमा-खर्च कसाबसा जुळला. वही मिटताना लेक म्हणाली, "आई, यात माझा पगार कुठेच नाही गं. म्हणजे जमेला नाही ते नाहीच, पण गेला म्हणून खर्चालाही नाही."

त्या वाक्याने मला बाळाबाईंची आठवण झाली. बाळाबाई कोसंबी. धर्मानंद कोसंबींचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं असेल, बाळाबाईंचं क्वचितच.

धर्मानंदांचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. शाळेचं शिक्षण फार थोडं, पण बुद्धाविषयी वाचलं आणि त्या ज्ञानाची ओढ लागली. लग्न लहानपणीच झालं होतं, चिखलीच्या लाडांच्या बाळाबाईंशी. १८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस ती तान्ही असताना धर्मानंद घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश. कोलंबोला पाली शिकले, बौद्ध श्रामणेर झाले. हे सगळं त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. पुस्तक अतिशय प्रामाणिक आहे, जरूर वाचा. मी मात्र दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि पानोपानी एकच शोधत गेले, की या वेळी बाळाबाई कुठे होत्या?

सुमारे सात वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांनी चीवर उतरवून कलकत्त्यात पाली शिकवायला सुरुवात केली आणि बाळाबाईंना तिकडे नेलं. संसार पुन्हा मांडला गेला. १९०७ मध्ये दामोदरचा जन्म झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला दा. ध. कोसंबी. इतक्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून विचारणा आली, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, तीन वर्षं महिना ५० रुपये मिळतील. आपल्या लोकांना बौद्ध धर्म आपल्या भाषेत कळावा ही त्यांची तळमळ होती. म्हणून कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी ५० रुपये पत्करले. आपण त्याला त्याग म्हणतो आणि तो होताच. पण पगार कमी झाला की डाळ-तांदळाचा डबा आधी बाईला दिसतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मग आली अमेरिका. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती तयार करायची होती. हेन्री क्लार्क वॉरन यांनी ते काम सुरू केलं होतं, पण त्यांचं निधन झालं. ते पुरं करायला पालीचा खरा जाणकार हवा होता. १९१० मध्ये धर्मानंद एकटे गेले. तिथले प्रोफेसर लॅनमन यांच्याशी श्रेय कोणाचं यावरून मतभेद झाले, काम अर्धवट सोडून ते १९१२ मध्ये परतले आणि पुढची सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं.

१९१८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं. या वेळी ते माणिक आणि दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. माणिक एकोणीस वर्षांच्या आसपास, दामोदर अकराचा. बाळाबाई दोन धाकट्या मुलींना, मनोरमा आणि कमला यांना, घेऊन इथेच राहिल्या.

एका विद्वानाच्या कमाईवर दोन चुली पेटवायच्या, एक बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये आणि एक इथे. पत्र बोटीने जाणार, उत्तर बोटीने येणार, मध्ये काही आठवडे सहज जाणार. त्यात ते वर्ष १९१८ चं. महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. तीच साथ त्याच शरद ऋतूत बॉस्टनलाही होती. दोन मुलं इथे, दोन तिथे आणि दोन्हीकडे साथ. परवा नातीला साधा ताप आला तर लेकीने मला दिवसात चार फोन केले. त्या बाईने ते महिने कसे काढले असतील?

आता त्या प्रवासाची जमेची बाजू. ती मोठी आहे आणि कमी लेखायची नाही. माणिक रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात शिकली. त्या काळात मुलीला अमेरिकेत शिकायला नेणारा बाप आपल्याकडे किती घरांत होता? दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डचा उत्तम पदवीधर होऊन बाहेर पडला. धर्मानंद १९२२ मध्ये परतले. पुढे १९२६ मध्ये आणि १९३१ मध्ये असे आणखी दोनदा हार्वर्डला गेले. तो ग्रंथ अखेर छापून निघाला १९५० मध्ये, म्हणजे पहिल्या प्रवासानंतर चाळीस वर्षांनी. मुखपृष्ठावर वॉरन आणि कोसंबी दोघांची नावं आहेत. पण तेव्हा धर्मानंद हयात नव्हते.

इथे आपल्यापैकी काही जणी म्हणतील, "त्यांच्याबद्दल तुम्ही कशाला लिहिता?" मला ठाऊक आहे. 'भगवान बुद्ध' या पुस्तकात प्राचीन काळच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिलं त्याने आपला समाज फार दुखावला. मलाही ते पटत नाही. पण त्याच माणसाने अहमदाबादला गुजरात विद्यापीठात असताना आपल्या पंडित सुखलालजींशी स्नेह जोडला आणि शेवटी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिलं. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या चार यामांवरच जगाचं भलं होईल अशी त्यांची श्रद्धा झाली. शरीर थकलं तेव्हा सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. सल्लेखना म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावायला नको. म्हणून मतभेद ठेवूनही मी त्यांना हात जोडते.

हात जोडतानाच आपल्याच धर्मातली एक गोष्ट मनात येते. आपल्याकडे दीक्षा घेणाराही घरच्यांची अनुमती घेतो. कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'तसुद्धा मुनी होऊ पाहणाऱ्याने आप्तजनांचा निरोप घ्यावा असं आहे. आमच्या आजीला मी लहानपणी विचारलं होतं, की ज्याला सगळंच सोडायचंय त्याने विचारायचं कशाला? ती म्हणाली, "अगं, तो सोडतोय ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाणार असतं ना!" तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

बाळाबाईंनी आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांची नात मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या. आजोबांचं 'निवेदन' त्यांनी इंग्रजीत नेलं आणि आजीची बाजूही लक्षात आणून दिली. घरातल्याच एका शिकलेल्या मुलीने ही राहिलेली नोंद करावी, हे मला फार आवडलं.

तर परवा रात्री मी लेकीची वही पुन्हा उघडली. तिच्यासमोरच दोन नोंदी वाढवल्या. पहिली, तिचा सोडलेला पगार, तिच्या नावाने, महिन्यागणिक. हे पैसे कोणी तिला देणार नाही, पण दोघांच्या डोळ्यांसमोर तो आकडा राहील. दुसरी, वर्षअखेरीस दोघांनी बसून बोलायची तारीख. जमतंय का, मुलं रुळली का, आणि तिला काय शिकायचंय किंवा करायचंय. मग जावईबापूंना हाक मारली. ते वही बघून जरा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, सासूबाईंनी नको तिथे नाक खुपसलं असं म्हणतात की काय! पण त्यांनी लेकीलाच विचारलं, "तू मनापासून येते आहेस ना? मी हे तुला नीट विचारलंच नव्हतं."

लेकीने लगेच उत्तर दिलं नाही. उठून धाकटीच्या अंगावर पांघरूण घातलं, परत आली आणि म्हणाली, "येते. पण पहिल्या वर्षी मी भाषेचा वर्ग लावणार, आणि त्या वेळेत मुलांना तुम्ही सांभाळायचं." तेही वहीत लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात त्या निघतील. सामानाच्या वजनात मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि णमोकार मंत्राची छोटी चौकट बसवली आहे. पर्युषणात कांदा-बटाटा टाळून तिथे काय करता येईल, त्याची यादी पुढच्या लेखात देईन. तुमच्यापैकी ज्या जणी परदेशात राहून आल्या आहेत त्यांनी मला जरूर कळवा. आणि तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या घरात तुम्हाला कोणी नीट विचारलं होतं का, तेही लिहा.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.