जोह्याच्या मूर्ती आणि समुद्राचे पाणी

धरमतर खाडीच्या पूर्वेला, पेण तालुक्यात, जोहे, हमरापूर, तांबडशेत आणि कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. मूळ धंदा पेण शहरातला. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव रुळला, मागणी वाढली आणि काम हळूहळू आसपासच्या गावांत पसरले.

जुने काम शाडूचे. गुजरातहून येणारी ही माती भिजवून, मळून साच्यात दाबायची आणि मूर्ती सावलीत हळूहळू वाळवायची. घाई केली की तडा जातो. शिवाय मूर्ती जड, प्रवासात मोडण्याची धास्ती कायमची. प्लास्टर ऑफ पॅरिसने या दोन्ही अडचणी सोडवल्या. रबरी साच्यात ओतलेले प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, आत काथ्या घातला की पातळ मूर्तीही टिकते. कच्च्या मूर्ती ट्रकने दूरदूर जाऊ लागल्या. घासकाम आणि रंगकाम यांतून घरोघरच्या बायकांना रोजगार मिळाला. जोह्याचा विस्तार मुख्यतः या प्लास्टरवर झाला.

पाण्याला हेच प्लास्टर जड जाते. जिप्सम भाजून केलेली ही पूड पाणी लागताच पुन्हा जिप्सम होते, आणि लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दहा किलोच्या मूर्तीला हिशेबाने चारएक हजार लिटर पाणी हवे. प्रत्यक्षात मूर्ती तळाशी बसते किंवा भरतीबरोबर तुकड्यांनी किनाऱ्यावर परतते. रंगांतल्या शिसे, क्रोमियमसारख्या धातूंची भीती त्याहून मोठी. शाडूही अगदी निर्दोष नाही. लहान तळ्यात तिचा गाळ साचतोच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० च्या सुधारित तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. कारागिरांची अडचण पाहून बंदीची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलावी लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळते. उपाय चांगला, पण तो विसर्जनाच्या टोकाचा. साचा भरणाऱ्याला त्यात काम नाही.

किनारा राखण्याच्या या प्रयत्नांत मूर्तिकार बहुतेक वेळा आले ते बंदीला हरकत घेणारे म्हणून. मूर्ती कशाची हे मात्र कारखान्यातच ठरते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला, तेव्हा त्या वर्षीच्या मूर्तींचे काम आधीच सुरू होते. जूनमध्ये प्लास्टरच्या मूर्ती बनवण्यास व विकण्यास परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव सक्तीचे झाले, त्याहून उंच मूर्तींना समुद्राची मुभा मिळाली. ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतची होती. जोह्यात पुढल्या गणपतींचे साचे मार्चच्या कितीतरी आधी भरू लागतात.