माशीचा नर कोण ठरवितो?

घोटीच्या बाजारात पिकल्या केळ्यांभोवती जी चिलटे घोंघावतात, त्यांच्याच जातकुळीतील फळमाशीने विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांची एक समजूत मोडली. मादीत 'एक्स' नावाची दोन रंगसूत्रे, नरात एक एक्स व एक वाय, एवढे कळले होते. तेव्हा वाय हाच नराचा कर्ता, असे कोणालाही वाटावे.

न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांतून माश्या पाळीत. तेथील तरुण संशोधक कॅल्विन ब्रिजेस यांनी पांढऱ्या डोळ्यांची मादी व लाल डोळ्यांचा नर यांची संतती तपासली. नियमाने लेकी लाल डोळ्यांच्या, लेक पांढऱ्या डोळ्यांचे व्हावयाचे. पण क्वचित एखादी लेक आईसारखी, एखादा लेक बापासारखा निघे. आईचे दोन्ही एक्स वेगळे न होता एकाच अंड्यात गेले, तरच हे शक्य! १९१६ साली ब्रिजेस यांनी रंगसूत्रे मोजून ते सिद्ध केले.

त्या लेकीजवळ दोन एक्स आणि शिवाय वाय होते; तरी ती अंडी घालणारी मादीच. लेकाजवळ वाय नव्हतेच. तरी तो नर. वृषणे होती, माद्यांमागे धावणे होते, प्रजा मात्र शून्य. शुक्रजंतूंचे जुडगे बनत, पण त्यांतला एकही चालता होत नसे. म्हणजे नर घडतो तो एक्सच्या हिशेबाने. वाय लागते ते पुढे, त्याला बाप होण्यासाठी.

आज या हिशेबाची रीतही उलगडली आहे. दोन एक्स असले तर कोवळ्या गर्भात एक विशिष्ट जनुक जागे होते. एकच असला तर निजलेले राहते. अळीच्या अंगात जननेंद्रियांचा जो अंकुर असतो, त्यात नराचा व मादीचा असे दोन्ही भाग असतात. त्या जनुकापासून सुरू झालेल्या हुकुमाने एक वाढतो, दुसरा दबतो.

आणि शुक्रजंतू तरी केवढा? अडीच-तीन मिलिमीटरच्या माशीचा शुक्रजंतू जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर! असे चौसष्ट एका जुडग्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु राय यांच्या गटाने २००९ साली दाखविले, की वृषणातील एक पेशी बोटांसारख्या फाट्यांनी या साऱ्यांची डोकी आवळून धरते. पकड सुटली तर जुडगा अवेळी विस्कटतो.

माशीचा न्याय माणसालाही लावला गेला, आणि तेथे फसगत झाली. काही वंध्य पुरुषांच्या पेशींत स्त्रीपेशींची खूण आढळे, म्हणून त्यांना रंगसूत्रांनी स्त्रियाच समजण्यात येई. त्या पुरुषांना काय वाटले असेल! १९५९ साली एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी अशा एका पुरुषाची रंगसूत्रे मोजली. ती सत्तेचाळीस भरली. त्यांत दोन एक्स आणि एक वाय. ज्या जुळणीने माशी मादी होते, त्याच जुळणीने तो पुरुष झाला होता.