नोंद आणि नकार

औषधाच्या दुकानात आपण चिठ्ठी पुढे करतो, गोळ्यांची पाकिटे घेतो, पैसे देतो आणि निघतो. वाण्याकडून साखर आणावी तसाच हा व्यवहार वाटतो. कायदा मात्र तसे मानत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. साखरेला नसलेली ही अट औषधाला का, याचे उत्तर इतिहासात सापडते.

सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० च्या सुमारास वैद्यकाविषयी काही फर्माने काढली. वैद्याने औषधाचे दुकान चालवू नये, दुकानदाराशी भागीदारीही करू नये, असे त्यांत होते. औषध करणाऱ्यांवर देखरेख ठेवण्याचीही सोय होती. जो औषध लिहून देतो त्यालाच विक्रीचा नफा मिळू लागला, तर रोग्याची बाजू कोण घेणार? शिवाय देणारा वेगळा असला की लिहिणाऱ्याची चूक पकडायला दुसरी नजर मिळते. फार्मसीच्या व्यवसायाचा पाया ही दुसरी नजरच आहे.

आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने केले. काचेच्या बाटलीत तो लालपिवळे मिश्रण भरी आणि बाहेरून डोसाच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवी. सगळा भरवसा त्याच्या हातावर होता. पण बाजारात भेसळीची आणि कमी ताकदीची औषधे सर्रास विकली जात, त्यातून क्विनाईनही सुटले नव्हते. अखेर १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे आणि ती देणाऱ्यांना शिक्षण हवे, असा तिच्या अहवालाचा रोख होता. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९४० मध्ये औषधांचा कायदा आला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा.

त्याच सुमारास अमेरिकेत जे घडले, ते आजही विसरता येत नाही. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे तेव्हाचे नवे, गुणकारी औषध. ते पातळ रूपात हवे म्हणून १९३७ मध्ये एका कंपनीने ते डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. चव, रंग, वास पाहिला. विषारीपणा तपासला नाही. तशी सक्ती कायद्यात नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले होती. कंपनीवर खटला भरता आला तो एवढ्यावरच, की नावात ‘एलिक्सिर’ असूनही औषधात अल्कोहोल नव्हते!

मग विकल्या गेलेल्या बाटल्यांचा शोध सुरू झाला. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरले, दुकानांतल्या चिठ्ठ्या आणि वह्या चाळू लागले. जिथे नोंद नीट होती तिथे रोग्याच्या घरापर्यंत पोहोचता आले. जिथे नुसते नाव होते, पत्ता नव्हता, तिथे शोध अडला. २४० गॅलनांपैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळवले गेले. उरलेल्या सहाएक गॅलनांनी ते बळी घेतले. दुकानातली वही ही किरकोळ कारकुनी नाही, हे त्या शोधातून कळले. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला.

पण तेच विष १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात आले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल पोटात देत. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते. चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष एकाच माणसावर थांबला नाही. पुरवठादार, रुग्णालयातली खरेदी, औषध प्रशासन, थेट मंत्र्यांपर्यंत ही साखळी गेली. त्या साखळीत एकानेही ‘तपासणीचा अहवाल दाखवा, नाहीतर माल परत न्या’ असे ठामपणे म्हटले असते, तर?

दुकानातल्या फार्मासिस्टला हे विष डोळ्यांनी ओळखता येत नाही. दोन्ही द्रव सारखेच पारदर्शक, दाट आणि गोडसर असतात. त्याच्या हातात दोन गोष्टी उरतात. एक, नोंद : बिलाशिवाय माल घ्यायचा नाही, बॅच नंबर लिहायचा. २०१४ पासून काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांचे व रोग्याचे नाव स्वतंत्र रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. दुसरी गोष्ट, नकार : चिठ्ठी नसेल, डोस अवाजवी वाटला, दोन औषधे एकमेकांना मारक असतील, तर थांबायचे आणि डॉक्टरांना विचारायचे.

हा नकार महाग पडतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, मालक रागावतो. म्हणूनच काही ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि ज्याचे ते आहे तो माणूस भलतीकडे असतो. भाड्याने दिलेले प्रमाणपत्र नकार देऊ शकत नाही. तेराव्या शतकात मागितलेली दुसरी नजर तिथे मिटलेली असते.

२०२५ मध्ये छिंदवाडा परिसरातली वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. औषधात सापडले तेच डायइथिलिन ग्लायकॉल. विष कारखान्यात मिसळले गेले हे खरे. पण अशी वेळ आली की उरलेल्या बाटल्या कोणाच्या घरात आहेत, हे फक्त दुकानातली वहीच सांगू शकते.

तेव्हा काउंटरपलीकडून कोणी ‘चिठ्ठी कुठे आहे?’ असे विचारले, तर त्याच्यावर चिडू नये. न विचारता औषध देणाऱ्या दुकानात मात्र पुन्हा जाण्याआधी विचार करावा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)