एका व्याधीची शिरगणती

आपल्या घरांतून कर्करोगाचे नाव मोठ्याने घेण्याची रीत नव्हती. ‘दुर्धर आजार’ एवढे म्हणून माणसे गप्प बसत. पत्रातून तर तेवढेही लिहीत नसत. ज्या व्याधीचे नावच घ्यावयाचे नाही, तिचे रोगी मोजणार कोण? कर्करोगाच्या इतिहासातील शस्त्र, किरण आणि औषधे यांची कथा पुष्कळदा सांगितली जाते. परंतु मुंबईने ह्या इतिहासात घातलेली एक मोठी भर निराळ्या प्रकारची आहे. ती म्हणजे रोग्यांची शिस्तीने केलेली मोजदाद होय.

व्याधी प्राचीन आहे, यात संशय नाही. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केले असून, त्याचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा वाढते, असा इशाराही दिला आहे. आजचा शस्त्रवैद्य गाठीसोबत भोवतालचा थोडा निरोगी भागही काढतो, तो ह्याच भीतीने. पुढे १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले, १८९८ साली क्यूरी दांपत्यास रेडियम सापडले, आणि शस्त्राच्या जोडीस किरणोपचार आला. तथापि हिंदुस्थानात ह्या साधनांची निकड आहे काय, हीच मुळी शंका होती. कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग, आमच्याकडे तो विरळा, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. विश्वनाथ व खेमसिंग ग्रेवाल या संशोधकांनी १९३५ पासून रुग्णालयांच्या नोंदी तपासून तो समज निराधार ठरविला. रोग होताच, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींचेही देहावसान झाले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ ओळखली म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. गाठ कोणाच्या शरीरात झाली, तो मनुष्य काय चघळतो, काय नेसतो, याचाही ते शोध घेत. १९४५ साली सहकाऱ्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन केले. त्यांत एक होता धोतराचा. कमरेस एकाच जागी वर्षानुवर्षे आवळलेल्या गाठीने कातडी घासते, तिचा रंग उडतो, व्रण पडतो, आणि क्वचित् त्याच व्रणातून कर्करोग उद्भवतो. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनांचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, हा भेदही त्यांनी पुढे आणला. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्यांत असा भेद का पडावा? ह्या प्रश्नाने रोगाचे कारण दैवाकडून राहणीकडे आणले.

१९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकरांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेतला व मुंबईस परतून शरीराबाहेर पेशी वाढविण्याच्या शास्त्राचा पाया घातला. इकडे मोजणीचे कामही पुढे सरकले. १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयातील खाटा मोजणे आणि लोकसंख्येतील रोग मोजणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. मीरा रोडचा रहिवासी उपचारासाठी परळला आला, तर रुग्णालयाच्या वहीत त्याचे नाव चढते. परंतु तो दहिसरच्या पलीकडचा, ठाणे जिल्ह्यातला, म्हणून बृहन्मुंबईचे प्रमाण काढताना त्यास धरता येत नाही. हा काटेकोरपणा नसेल, तर दूरदूरचे रोगी मुंबईच्या माथी पडतात आणि शहर आहे त्याहून अधिक रोगट दिसते. १९८७ साली बार्शी येथे अशीच नोंदणी खेड्यांसाठी निघाली.

मोजणीचे फळ पुढे हाती आले. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने एक दीर्घ अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड, म्हणजे शिरक्याचाच आम्ल अंश, लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. रोगट भाग त्याने पांढरा दिसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ह्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. उरलेल्या निम्म्यांस केवळ माहिती दिली गेली, तपासणी नाही. यावर नीतीच्या दृष्टीने कठोर टीका झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या आकड्यांनी पुढे अनेकींचे प्राण वाचावेत, ते मिळविताना काहींचे दुखणे वेळीच न सापडण्याचा धोका पत्करला गेला होता.

म्हणूनच ह्या आकड्यांचा उपयोग करणे, हे आता आपणां सर्वांचे देणे आहे. ते आपण कितपत फेडतो? कमरेच्या आवळलेल्या गाठीचा धोका १९४५ साली छापून आला. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांस परकराच्या नाडीखाली तोच रोग पुन्हा वर्णावा लागला. तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत असा सुशिक्षित गृहस्थ आज सापडणे कठीण. तरी तिची पुडी खिशातून हलत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने ओटीपोटाचे दुखणे सांगावे, तर ती लाजते. आणि तिने न सांगितल्याची घरच्यांस मनातून सोयच वाटते. प्रयोगशाळेने मोजण्याचे काम केले. आता घरांनी विचारण्याचे व बोलण्याचे काम केले पाहिजे. कारण जे दुखणे बोलले जात नाही, ते वेळेवर तपासलेही जात नाही.