पाणिनी बी.टेक.च्या वर्गात

'रामाने रावणाला बाणाने मारले.' या वाक्यात 'ने' हा प्रत्यय दोनदा येतो. पण राम कर्ता आहे आणि बाण करण. 'रावणाला बाणाने रामाने मारले' असा क्रम बदलला, तरी मूळ अर्थ ढळत नाही. लहान मुलालाही सहज कळणारी ही गोष्ट संगणकाला कशी शिकवावी, या प्रश्नाने १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमधील संशोधकांना पाणिनीपर्यंत नेले.

इंग्रजीत कर्ता कोण, हे बहुधा शब्दाच्या जागेवरून ठरते. भारतीय भाषांत मात्र प्रत्यय आणि क्रियापदाचा अर्थ दोन्ही पाहावे लागतात. म्हणून इंग्रजीवर बेतलेल्या पद्धती येथे अपुऱ्या पडत. सुमारे ४,००० सूत्रांच्या 'अष्टाध्यायी'तील कारकविचार नेमका नामाच्या क्रियेशी असलेल्या नात्याचा आहे. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच पाया मानला. १९९५ मध्ये त्यांचा 'नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग : अ पाणिनियन पर्स्पेक्टिव्ह' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावरील 'अक्षर भारती' हे नाव एका व्यक्तीचे नसून संशोधकांच्या गटाचे आहे.

१९९८ मध्ये हैदराबादला आयआयआयटी स्थापन झाली आणि हा विचार तेथे रुजला. संगणकशास्त्रात बी.टेक. व संगणकीय भाषाविज्ञानात एम.एस. अशी जोडपदवी तेथे सुरू झाली. बारावीनंतर थेट आलेले विद्यार्थी प्रोग्रॅमिंगबरोबर ध्वनिविचार, पदविचार आणि वाक्यविचारही शिकू लागले. तेथे विकसित झालेल्या पद्धतीत हिंदी वाक्यांवर कर्ता, कर्म, करण अशा खुणा करून संगणकासाठी नमुने तयार केले गेले.

आजची महाकाय भाषा-प्रारूपे व्याकरणाचे नियम न सांगताच प्रचंड मजकुरातून भाषा शिकतात. मग पदवीच्या अभ्यासक्रमात व्याकरण कशासाठी, अशी शंका साहजिक आहे. परंतु अनेक भारतीय भाषांपाशी इतका मजकूरच नाही. तेथे थोडाच, पण नीट खुणा केलेला मजकूर मोलाचा ठरतो, आणि त्या खुणा करण्यासाठी भाषेची जाण असलेला माणूस लागतो. २०२२ पासून 'भाषिणी' हा राष्ट्रीय उपक्रम भारतीय भाषांतील अनुवादाचे काम करीत आहे. अशा अनुवादात बाण कर्ता झाला आणि राम करण, तर केवळ गुणांकाचा आकडा पाहणाऱ्या अभियंत्याला चूक कोठे झाली हे कळणार नाही. कारक शिकलेल्याला कळेल. वर्गातून व्याकरण वगळण्यापूर्वी विद्यापीठांनी एवढा हिशेब मांडायला हवा.