साप एकमेकांशी संवाद कसा साधतात?

साप मारला की त्याचा जोडीदार डूख धरतो आणि मारणाऱ्याच्या मागावर येतो, असा समज आपल्याकडे अद्याप आढळतो. सूड उगवण्याइतकी स्मृती व विचारशक्ती सापाच्या मेंदूत नसते. मात्र त्या जागी दुसरा साप येणे अगदीच अशक्य नाही. मीलनकाळात मादीच्या कातडीचा गंध जमिनीवर मागे राहतो आणि त्याचा माग काढत नर तेथे पोहोचू शकतो.

सापांना बाह्यकर्ण नसतात. जमिनीतील कंपने आणि हवेतील खालच्या पट्टीचे ध्वनी त्यांना कवटीच्या हाडांमार्फत जाणवतात. फूत्कारातील बहुतांश ध्वनी मात्र ३००० हर्ट्झहून अधिक कंप्रतेचा, म्हणजे त्यांच्या श्रवणकक्षेपलीकडचा असतो. तेव्हा घोणसाचा फूत्कार किंवा फुरसे खवले घासून काढते तो आवाज जातभाईंसाठी नसून शत्रूला दिलेला इशारा असतो.

आपसातील निरोप प्रामुख्याने रसायनांतून जातात. जीभ बाहेर काढून साप गंधकण टिपतो आणि ते टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे पोहोचवतो. जिभेची टोके दोन असल्याने कोणत्या बाजूला गंध अधिक आहे, हेही त्याला कळते.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातले आहे. तेथील नार्सिस गावाजवळ चुनखडीच्या विवरांत हजारो गार्टर साप हिवाळा काढतात. वसंतात नर आधी बाहेर पडून वाट पाहतात आणि मादी दिसताच अनेक नरांचा तिच्याभोवती अक्षरशः गोळा होतो. तिच्या कातडीतील मिथाइल कीटोन ही संयुगे नरांना आकर्षित करतात, हे रॉबर्ट मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. ही संयुगे सहजी उडून जात नाहीत. म्हणून नराला जीभ जवळजवळ टेकवूनच ती वाचावी लागतात. मोठ्या मादीच्या कातडीतील मिश्रण लहान मादीपेक्षा वेगळे असते आणि नर त्यातून निवड करतो. या भाषेत लबाडीही चालते! काही नरांच्या अंगाला मादीसारखा गंध येतो. विवरातून नुकत्याच निघालेल्या, थंडीने मंदावलेल्या अशा नराला इतर नर मादी समजून वेढतात व त्याला आयती ऊब मिळते.

स्पर्श आणि देहबोलीचाही वापर होतो. मीलनापूर्वी नर मादीच्या पाठीवर हनुवटी घासतो. आपल्याकडे शेतात दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या, की लोक ते नाग-धामणीचे मीलन समजतात. त्यांच्यावर वस्त्र टाकण्याचीही प्रथा आहे. प्रत्यक्षात ते दोन्ही धामण जातीचे नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते. बिनविषारी व उंदीर खाणारे हे साप अशा वेळी सहज काठीच्या टप्प्यात सापडतात. या झुंजीत सहसा दंश होत नाही. प्रतिस्पर्ध्याचे डोके खाली दाबण्याचा प्रयत्न होतो आणि ज्याची मान दबते, तो निघून जातो.