वखार आणि करारनामा : मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरील परकी भांडवलाचा इतिहास

वेंगुर्ले येथील डच वखारीची पडकी वास्तू आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती पाहून, एके काळी येथे गोऱ्यांचा व्यापार होता, एवढाच बोध घेऊन आपण पुढे जातो. आमच्या मते त्या भिंती याहून अधिक काही सांगतात. परकी भांडवल दारी आले असता त्यास कोणत्या अटींवर जागा द्यावी, हा प्रश्न १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणाबरोबर जन्मास आला असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः आपल्या किनाऱ्याने तो साडेतीन शतकांहून अधिक काळ सोडविला आहे. कधी शहाणपणाने, कधी नुकसान सोसून. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ही हकीकत ध्यानी घ्यावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम येथे आलेला परका व्यापारी कोण होता ते पाहू. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली व डचांची १६०२ साली स्थापन झाली. आपल्याकडे पेढी म्हणजे एक घराणे. कर्ता गेला की वाटण्या होत आणि भांडवल विखुरले जाई. कंपनीचे तसे नव्हते. शेकडो भागधारकांचा पैसा एकत्र होई, माणसे मरत, परंतु कंपनी मरत नसे. शिवाय डच कंपनीस तिच्या सनदेनेच तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा व सैन्य ठेवण्याचा अधिकार होता. एका हाती तराजू व दुसऱ्या हाती तोफ असा हा सावकार होता.

डचांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यास वखार घातली, तेव्हा या मुलखावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. बंदर भरभराटीस आले हे खरे. तथापि डचांचा हेतू केवळ व्यापाराचा नव्हता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी त्यांचे वैर होते आणि गोव्याची कोंडी करणाऱ्या आरमारास दाणापाणी पुरविण्यास वेंगुर्ले हे सोयीचे ठाणे होते. वखारीस दिलेली जागा अशा रीतीने परक्यांच्या लढाईस उपयोगी पडली. जागा देताना तिचा उपयोग काय होणार हे विचारले नाही, तर काय होते याचा हा पहिला धडा.

शिवछत्रपतींनी हा धडा पुरता ओळखला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या, तेव्हा पुढील वर्षी महाराजांनी राजापूरची त्यांची वखार लुटून वखारवाल्यांस कैद केले. व्यापारास आलेल्याने व्यापारच करावा, हा त्यातील अर्थ. १६६४ मध्ये मालवणासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, त्यामागेही हीच दूरदृष्टी होती. परंतु महाराजांनी परक्या व्यापाराचे दार कधी बंद केले नाही. त्यांनी अटी घातल्या, आणि त्या अटी आजच्या कायदेपंडितांनीही अभ्यासाव्यात अशा आहेत.

त्यांपैकी एक गोष्ट आपल्या कुडाळची आहे. १६७१ मध्ये बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडू लागले. व्यापारी तिकडे वळले तर आपली मिठागरे ओस पडतील, हे जाणून महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांस पत्र लिहिले आणि बारदेशचे मीठ संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल इतकी जकात बसविण्याची आज्ञा केली. देशी उद्योगास जकातीची ढाल देण्याचे हे तत्त्व जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट याने ग्रंथरूपाने १८४१ मध्ये मांडले. आपल्या कुडाळ सुभ्यात ते त्याच्या एकशे सत्तर वर्षे आधी अमलात येत होते.

दुसरी गोष्ट १६७४ ची. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता. शेकडा अडीच जकात देऊन व्यापार करण्याची मुभा इंग्रजांस मिळाली. त्यांचे आणखी एक मागणे असे होते की, वादळाने किनाऱ्यास लागलेली त्यांची गलबते व माल परत मिळावा. महाराजांनी ते नाकारले. असा माल परत करणे कोकणच्या चालीस धरून नाही. आणि इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तीच मागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

या उत्तराचे मोल कळण्यास एक अलीकडचे उदाहरण पाहावे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध लवादापुढे दावा मांडला आणि २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. विशेष हे की, ज्या कलमावर तिचा जय झाला ते ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात नव्हतेच. ते कुवेतशी झालेल्या करारात होते. एकास दिलेली सवलत दुसऱ्यासही मिळेल, अशा अर्थाच्या कलमाच्या आधारे ते उसने घेण्यात आले. त्यानंतर भारत सरकारने २०१६ मध्ये आपला आदर्श मसुदा बदलून ते कलम वगळले. रायगडावर १६७४ साली जे ओळखले गेले, ते दिल्लीस पुन्हा शिकावे लागले.

पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात हे धोरण नियमबद्ध केले. त्यांच्या मते टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे. त्यांनी यावे-जावे, व्यापार करावा. परंतु वखारीस जागा देणे झाल्यास समुद्रतीरी अथवा खाडीच्या मुखाशी देऊ नये. किनाऱ्यापासून चार-आठ कोस आत, सखल जागी द्यावी आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये. आरमार व तोफा हे ज्याचे बळ, त्यास त्या बळापासून दूर ठेवावे, असा हा स्वच्छ विचार होता. परंतु हे शहाणपण कागदावर राहिले. राज्य दुभंगले आणि प्रत्येक संस्थान आपापल्या अडचणीपुरता करार करू लागले.

त्याचे फळ १७६५ मध्ये दिसले. इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग व सावंतांचा रेडीचा यशवंतगड घेतला. सिंधुदुर्गास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले. किल्ले सांभाळणे परवडेना, तेव्हा ते लढाईचा खर्च मागून परत करण्यास तयार झाले. कोल्हापूरकरांनी मोठी रक्कम कबूल केली आणि मालवणात वखारीची परवानगी दिली. सावंतांजवळ रोकड नव्हती. त्यांनी १७६६ मध्ये वेंगुर्ले तेरा वर्षांच्या मुदतीने एका सावकाराकडे गहाण ठेवले आणि देखरेखीस इंग्रजांचे ठाणे तेथे बसले.

पुढे धामधुमीत वसूल बुडाला. तेरा वर्षे भरताच सावंतांनी वेंगुर्ले परत मागितले. इंग्रज म्हणाले, रक्कम फिटलेली नाही. मुदत संपली म्हणजे गहाण सुटले, की पैसा फिटला म्हणजे सुटले? सारा तंटा या एका प्रश्नावर अडला आणि अखेर १७८० मध्ये सावंतांनी वेंगुर्ले शस्त्राने घेतले. समाधान फार काळ टिकले नाही. १८१२ च्या तहांनी कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतांकडून वेंगुर्ले, दोन्ही बंदरे इंग्रजांकडे गेली. एवढ्याशा किनाऱ्यावर वखारीपासून राज्यापर्यंतचा प्रवास पुरा झाला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या कायद्यांत या कटू अनुभवाचे प्रतिबिंब पडले. १९७३ च्या परकी चलन नियमन कायद्याने बहुतेक परक्या कंपन्यांचा हिस्सा शेकडा चाळीसपर्यंत आणला. १९९१ मध्ये परकी चलनाची चणचण प्राणांतिक झाली, तेव्हा दार पुन्हा उघडले आणि १९९९ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी सौम्य कायदा आला. हे बदलही गैर म्हणता येणार नाहीत. आमच्या वाडवडिलांपैकी कोणी चाकरीसाठी मुंबई गाठली नाही असे घर आपल्या ज्ञातीत क्वचितच सापडेल. गावात उद्योग आला तर मुलांस गाव सोडावे लागणार नाही, ही आशा खोटी नव्हे. भांडवलास नकार देणे हा इतिहासाचा बोध नव्हे. अटी आपण लिहाव्यात, हा बोध होय.

आज ही गोष्ट राजे-सुभेदारांची राहिली नसून घरोघरची झाली आहे. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून किनाऱ्यालगतच्या जमिनींस मागणी आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, उद्योगांपुरत्या काही सवलती आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांसही शेतजमीन वा फळबाग खरेदी करता येत नाही. वारसाने आलेली मात्र राखता येते. परंतु परके भांडवल बहुधा येथे नोंदलेल्या कंपनीच्या रूपाने येते. नाव देशी, भागधारक दूरदेशी, आणि जबाबदारी भागापुरती मर्यादित. अशा कंपनीचे संचालक व भागधारक कोण, हे कंपनी निबंधकाच्या दप्तरी शुल्क भरून पाहता येते. सही करण्यापूर्वी ते पाहावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे. आणि वेंगुर्ल्याच्या गहाणाचे स्मरण ठेवून एक प्रश्न अवश्य विचारावा : मुदत संपली आणि उद्योग बुडाला, तर जमीन कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेत, कोणाच्या हाती परत येणार?

आपल्या सातबाऱ्यांवर दहा-वीस नावे असतात. निम्मी मुंबईस, काही परदेशात. एकाने गावी सही करावी आणि बाकीच्यांस वर्षाने कळावे, असे घडते व भावकीत वैर पडते. ज्ञातीतील जी मुले-मुली कायद्याचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर चार घरांचे कागद वाचून द्यावेत. यासारखी दुसरी ज्ञातिसेवा नाही. पूर्वजांनी एक बंदर अपुऱ्या कलमापायी गमावले. आपण आपले परसू तरी तसे गमावू नये, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.